समोरच्या गच्चीवरचा दिवा

आमच्या ओळीत तीन घरं, आणि माझं मधलं. म्हणजे माझ्या मुलाचं, आलोकचं. पण तो आणि सून कीर्ती दिवसभर कामावर, त्यामुळे आयर्लंडच्या डंडॉक गावातल्या त्या घरात खरी राहते ती मीच. डाव्या हाताला मिल्का, उजव्या हाताला सुआद. मागच्या अंगणात दोन्हीकडे लाकडी फळ्यांचं कुंपण आहे, माझ्या गळ्यापर्यंत येतं. त्यावरून मान काढून मी दोघींशी बोलते. कीर्ती म्हणते, "आई, लोक मेसेज करतात." करू देत. मला देवाने तोंड दिलंय.

मिल्काचं आधी सांगते. मिल्का नवगावकर, पण यहुदी. आपल्या अलिबागकडची बेने इस्रायल, ज्यांना आमच्या लहानपणी शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत. ती रेवदंड्याची, मी चौलची, म्हणजे एकमेकींना खेटून असलेली गावं. आणि भेटलो कुठे, तर डंडॉकात! मी इथे आले त्याच आठवड्यात पलीकडून आवाज आला, "मेल्या पावसा, कपडे वाळू देशील का?" मी हातातलं सूप टाकून कुंपणाशी धावले. "कोण गं तू? कुणाची?" तर ही बया चिमटे तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायलाच लागली. औषधांच्या कारखान्यात मोठी इंजिनियर बाई, आणि मराठी ऐकून रडते! लग्न केलं नाही. बहीण रूथ इस्रायलला, अगदी उत्तरेच्या टोकाला, लेबनॉनच्या हद्दीवर. रूथचा नवरा वारलेला, एकच मुलगी. ती मुलगी म्हणजे मिल्काचा जीव की प्राण.

त्या पोरीचं नाव शिरा. मी म्हटलं, "अगं, साजूक तुपातला की डालड्यातला?" मिल्का म्हणाली, त्यांच्या भाषेत शिरा म्हणजे गाणं. असेल बाई. पोरगी उन्हाळ्यात मावशीकडे राहायला आली तेव्हा मी केळं घालून शिरा केला आणि वाटी हातात दिली. "घे, तुझं नाव खा." तेवीस-चोवीस वर्षांची, उंच, खळखळून हसणारी. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र मोडकं. "विमलमावशी, अजून मला खायचं आहे मी," असं म्हणाली आणि अख्खं पातेलं पुसून खाल्लं.

उजवीकडची सुआद दक्षिण लेबनॉनची. इथे डंडॉकात कपडे उसवून-शिवून देण्याचं छोटं दुकान चालवते, नवरा एका हॉटेलात स्वयंपाकी. मला ती खालती म्हणते, म्हणजे मावशी. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. मिल्का आणि सुआद मात्र सुरुवातीला एकमेकींकडे बघायच्याही नाहीत. दोघींना ठाऊक होतं कोण कुठली. मला हा चोरटेपणा खपत नाही. मी एकदा सरळ दोघींना माझ्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं, राजकारण दाराबाहेर, चपलांच्या शेजारी. जाताना हवं तर परत घालून जा.

शिरा आली त्या उन्हाळ्यात मिल्काने मलिदा केला. बेने इस्रायल लोकांत शुभकार्याला, नवसाला करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं, आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन सगळ्यांना वाटायचं. रूथच्या घराकडे अधूनमधून रॉकेटं पडत, म्हणून मिल्काने नवस केला होता, पोर सुखरूप राहू दे. माझ्याच ओट्यावर पोहे भिजले. सुआदही आली. शिरा फोनवर घरचे व्हिडिओ दाखवत होती, हे आमचं कोंबड्यांचं शेड, ही स्वयंपाकघराची खिडकी, हा समोरचा डोंगर. संध्याकाळचा व्हिडिओ होता. समोरच्या डोंगरावर बारके बारके दिवे, आणि त्यातला एक हिरवा.

सुआदने फोन हातातून ओढूनच घेतला. "हे आमचं घर," ती म्हणाली. "हा दिवा माझ्या वडिलांनी लावला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. आई रोज लावते."

मलिद्याचं ताट तसंच मधे. मग शिरानेच तोंड उघडलं, "तुमची आई जाडी आहे? निळा रुमाल डोक्याला?" सुआदने मान हलवली. "ती सकाळी चपलेने बकरीला मारते!" शिराकडे पक्षी बघायची दुर्बीण होती. थंडीत तिथून करकोचे जातात, ते बघता बघता ती म्हातारीही बघायची. "बकरी कपडे खाते. आजी तिच्यामागे धावते, एक चप्पल पायात, एक हातात. मी आणि आई रोज हसतो."

सुआद हसायला लागली, आणि हसता हसता ओढणीत तोंड घालून रडली. सात-आठ वर्षांत तिने आईला पाहिलं नव्हतं. आणि ही समोरची पोरगी रोज बघत होती, दळभद्री हद्दीच्या पलीकडून. मी म्हटलं, खा गं मुलींनो, पोहे कोरडे होतील.

मग लढाई पेटली. हळूहळू नाही, एकदम. रूथच्या भागातली बहुतेक माणसं सरकारने दक्षिणेला हलवली, पण रूथ हटली नाही. कोंबड्या कुणाच्या जिवावर टाकू, म्हणाली. आणि आई जाईना म्हणून घरी परतलेली शिराही जाईना. पलीकडे सुआदच्या गावचीही माणसं बैरूतला पळाली, तिचा भाऊसुद्धा. म्हातारी हटली नाही. गुडघे दुखतात, बकरी आहे. दोन डोंगरांवर दोन हट्टी बायका! थोड्याच दिवसांत म्हातारीच्या गावातला फोनचा टॉवर पडला. सुआदला आईचा आवाजच येईना.

तेव्हा ही पद्धत सुरू झाली. कुणी ठरवली नाही, झाली. तिकडे दिवेलागण झाली की रूथ खिडकीतून बघायची आणि मिल्काला मराठीत दोन शब्द पाठवायची, दिवा आहे. मिल्का कुंपणावरून मला हाक मारायची, "विमलताई, दिवा आहे!" मी पदर खोचून अंगण ओलांडायची आणि उजव्या कुंपणावरून ओरडायची, "सुआद, दिवा आहे!" ती दार उघडून वाटच बघत असायची. मराठीतले तेवढेच दोन शब्द ती शिकली. "दिवा आहे, खालती, दिवा आहे," असं म्हणत आत जायची. मग मी घरात येऊन देवापाशी माझा दिवा लावायची. तिकडे इथल्यापेक्षा दोन तास आधी अंधार पडतो, त्यामुळे माझ्या दिव्याच्या आत त्यांच्या दिव्याची खबर आलेली असे.

बाहेरचं वातावरण काही धड नव्हतं. इथल्या लोकांचा जीव पॅलेस्टाइनकडे, खिडक्या-खिडक्यांत झेंडे. मिल्काला दुकानात कुणी "तुमची माणसं" म्हणून काहीतरी लागट बोललं, तेव्हापासून ती गळ्यातली यहुद्यांची चांदणी आत सरकवून फिरायची. एकदा आम्ही तिघी बसने न्यूरीला गेलो. तिकडे म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड, दुसरा देश, पण हद्द कुठे गेली ते कळतच नाही, फक्त पाट्यांवरच्या किलोमीटरचे मैल होतात. मिल्का म्हणाली, "इथेही एकेकाळी सैनिक उभे असायचे." सुआद खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मग हे सगळं संपतं?" मी पिशवीतल्या चकल्या काढल्या.

रॉकेट पडलं ते सकाळी. शिरा कोंबड्यांना दाणा घालायला शेडमध्ये गेली होती. भोंगा वाजला आणि रॉकेट आलं, दोन्ही एकदमच. रूथ घरात होती, तिला खरचटलंसुद्धा नाही.

मला कळलं ते मिल्काच्या ओरडण्याने. असा आवाज मी फक्त बाळंतिणीचा ऐकलाय. मी कुंपणाला वळसा घालून जाण्याऐवजी खुर्ची लावून त्यावरून चढले, या वयात! ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, फोन उलटा पडलेला. "शिरा गेली, विमलताई. आपली शिरा गेली." आपली म्हणाली. मी तिला मांडीवर घेतलं. त्या पोरीला मी तिचं नाव खायला घातलं होतं.

विमानं बंद होती, मिल्काला जाता येईना. त्यांच्यात सात दिवस जमिनीवर बसतात, आरसे झाकतात, घरात चूल पेटवत नाहीत, शेजारच्यांनी जेवण आणायचं. आपल्यासारखंच. नियमाने मावशीला बसावं लागत नाही, पण ती म्हणाली, मी बसणार, कोण अडवतंय बघते. मी आरशावर माझ्या साड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी सुआद माझ्या दारात आली, डोळे सुजलेले, हातात डाळ-तांदळाचं पातेलं, वर तळलेला कांदा. "माझ्या नावाने देऊ नको," म्हणाली. मी ते माझ्या डब्यात काढून नेलं. मिल्काने घास तोंडात घेतला, थांबली. तिला कळलंच. माझ्या हातची चव तिला ठाऊक नाही का? घास गिळला, डबा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "ते रॉकेट तिच्या गावातून आलं, विमलताई."

"तिच्या गावातून आलं, तिने नाही पाठवलं."

"मला माहीत आहे. तरी जेवण जाणार नाही मला."

त्याच संध्याकाळी टीव्हीवर तो माणूस आला. इस्रायलच्या सैन्याचा प्रवक्ता, इस्त्रीचा शर्ट, शांत आवाज. मागे पडद्यावर शिराचा फोटो. तिचा हसरा फोटो, आयर्लंडच्या समुद्रावर काढलेला! मिल्काने अंगठा दातात धरला. तो म्हणाला, कुठलंही राष्ट्र हे सहन करणार नाही. रोज आपल्या घरांवर हद्दीपलीकडून रॉकेटं पडत असतील तर आपल्या माणसांचं रक्षण करणं हा हक्कच नाही, कर्तव्य आहे. रॉकेट वस्तीतून सुटलं, घरांच्या आडून. लोकांना निघून जायला सांगितलं होतं. मग वरून काढलेली काळी-करडी चित्रं दाखवली. एक डोंगर, काही घरं, एका घरावर पाण्याची टाकी, शेजारी झाडी, त्यावर फुली. मग धूर.

"बरोबर बोलतोय," मिल्का म्हणाली. "कोण सहन करेल? तू करशील?"

खोटं कशाला बोलू, त्या घडीला मलाही तो बरोबरच वाटला. माझ्या छपरावर कुणी आग टाकली तर मी काय आरती ओवाळेन? पण ती टाकी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. करड्या चित्रात हिरवा रंग दिसत नाही. डोंगरावर टाकी काय एकच असते?

घरी आले तर आलोक जेवता जेवता हेच बोलत होता. स्वसंरक्षण, आंतरराष्ट्रीय कायदा, अमुक कलम. कीर्ती म्हणाली, "आणि तिथे राहणारी माणसं?" तो म्हणाला, "वाईटच आहे गं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं." मी हातातला डाव ताटात आपटला. आमटी त्याच्या शर्टावर. "ज्याचं ओलं जळलं त्याने म्हणायची म्हण आहे ती," मी म्हटलं. "काडी लावणाऱ्याने नाही, आणि भात खात बसलेल्याने तर मुळीच नाही." आलोक शर्ट पुसत बसला.

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक. सुआद. तिनेही चित्रं बघितली होती. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. त्यांच्या झाडीत परके लोक ट्रक घेऊन यायचे, तिची आई त्यांना शिव्या घालून हाकलायची, ते तिला म्हणायचे म्हातारे घरात जा. हे तिने मला शंभरदा सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं. मग माझे दोन्ही हात धरले. "खालती, तिला विचार. तिच्या बहिणीला विचारू दे. फक्त दिवा."

आता सांगा, मी काय करायचं होतं? एकीच्या घरात पोर गेलेली, आणि त्या घरात जाऊन विचारायचं, समोरच्यांचा दिवा लागलाय का? पण दुसरीची आई होती. मी गेले. कुंपणावरून नाही, पुढच्या दाराने गेले, चपला काढल्या, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं.

मिल्का माझ्याकडे बघत राहिली. "लाज वाटत नाही तुला?" ती म्हणाली. "माझ्या बहिणीने आज पोर पुरली. तिला मी सांगू, उठ, खिडकीत जा, ज्या डोंगरावरून तुझी पोर मारली तिथला दिवा बघ?"

"वाटते लाज," मी म्हटलं. "तरी विचार."

"चालती हो."

मी उठले. दारापर्यंत गेले असेन नसेन, तिच्या फोनवर टुणकन वाजलं. मिल्काने बघितलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. रूथने न विचारताच लिहिलं होतं, रोजच्यापेक्षा उशिरा का होईना. नेहमीचेच दोन शब्द, दिवा आहे.

आम्ही दोघी तशाच उभ्या, म्हणजे मी उभी, ती बसलेली. "काय माणूस आहे ही रूथ," मिल्का म्हणाली, आणि तोंडात बाही कोंबून रडली. मग म्हणाली, "जा, सांग तिला." मी चपला न घालताच धावले.

त्यानंतर रोज ते दोन शब्द येत राहिले. रूथ फोनवर बोलायची नाही, कुणाचाच फोन घ्यायची नाही, फक्त दिवेलागणीला तेवढं लिहायची. मिल्काने मग मला हाकही मारली नाही. ती स्वतः उठून माझं अंगण ओलांडून उजव्या कुंपणाशी जायची आणि सांगायची. सात दिवस झाल्यावर सुआदने तिला पुन्हा डाळ-भात दिला, आणि तो तिने खाल्ला. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून खात होत्या, मी मधे पाणी घेऊन. मला वाटलं, जगात शहाणपण थोडंफार उरलंय.

सुआदचा भाऊ बैरूतहून गावाकडे निघतो म्हणत होता, जीव धोक्यात घालून. सुआदने त्याला थांबवलं. आई ठीक आहे, दिवा लागतोय, तू मरायला जाऊ नको. ती पुन्हा दुकानात बसायला लागली. केसांना मेंदी लावली. एकदा माझ्याकडे बसून चहाबरोबर खारी खाताना एवढी हसली की ठसका लागला.

मग तोफा थांबल्या, आणि भाऊ गावात पोचला.

घर नव्हतं. टाकी दरीत पडली होती. म्हातारीचं प्रेत गावात परतलेल्या शेजाऱ्यांनी दगडांखालून काढलं. घर पडलं होतं त्या फुलीच्या दिवशीच. शिराचा फोटो टीव्हीवर आला, त्याच दिवशी.

सुआद माझ्या घरातून, माझ्याकडे न बघता, थेट मिल्काच्या दारात गेली. मी मागे धावले. मला वाटलं ही हात उचलणार. उचलला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कुणी बघितला दिवा?"

मिल्का पांढरी पडली. "मला रूथने जे लिहिलं ते मी..."

"लाव फोन."

मिल्काने लावला, स्पीकरवर. वाजत राहिला, वाजत राहिला. मला वाटलं नाही घेणार. घेतला. रूथला इंग्रजी येत नाही, म्हणून मिल्का तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला पुढे झाली तर सुआद म्हणाली, "तू नाही. खालती सांगेल. मी तिच्यावर विश्वास ठेवते." मग मिल्का भिंतीला टेकून बसली, आणि मी फोनपाशी वाकले. "रूथ, मी विमल बोलते. चौलची."

"विमलताई," पलीकडून आवाज आला, अगदी मिल्काचाच, पण म्हातारा झालेला. "तुमचा शिरा माझ्या पोरीला फार आवडला होता."

मी विचारलं. घर पडलं होतं तर तू दिवा कुठला बघितलास?

मग ती बोलायला लागली, आणि मी माझ्या फाटक्या इंग्रजीत एकेक वाक्य सुआदला देत गेले.

ती म्हणाली, मी घरी नाहीच. पुरून आल्यावर त्यांनी मला हॉटेलात आणलं, दूर, इथून डोंगरच दिसत नाही. पण निघायच्या आधी एक साहेब भेटायला आला होता, गणवेशातला. वाईट नव्हता, माझ्याबरोबर रडला. म्हणाला, बाई, ज्या घराशेजारून ते आलं, ते घर आता नाही. शिरासाठी. मी खिडकीपाशी गेले. दिवे लागायची वेळ होती. हिरवा दिवा नव्हता.

"आणि मला बरं वाटलं, विमलताई. एक क्षण. त्या म्हातारीला मी रोज बघत होते, आणि तिचं घर पडलेलं बघून मला बरं वाटलं. मग मी 'दिवा नाही' असं लिहायला घेतलं, आणि हात चालेना. सगळे म्हणत होते शिरासाठी, शिरासाठी. मी नाही मागितलं हे. माझ्या पोरीचं नाव त्यांनी त्यावर लिहिलं, मला विचारलं नाही. मी 'नाही' लिहिलं असतं तर ते मीच केलेलं झालं असतं. म्हणून 'आहे' लिहिलं. मग रोज लिहावं लागलं."

हे मी इंग्रजीत कसं सांगितलं, मला आठवत नाही. काही शब्द नव्हतेच माझ्याकडे. सुआदला मात्र सगळं समजलं.

"तिला सांग," सुआद म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा हळू की मला वाकावं लागलं, "मी भावाला थांबवलं. तो म्हणतो आई लगेच गेली. त्याला काय माहीत? कुणाला काय माहीत? ती दगडांखाली हाका मारत असेल आणि मी इथे केस रंगवत होते. मी हसले, खालती. तुझ्या घरात बसून मी हसले. हे तिने माझ्याकडून करून घेतलं."

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द मऊ केला नाही. रूथ म्हणाली, "हो." एवढंच. माफ कर म्हणाली नाही. ते मला आवडलं. कुठल्या तोंडाने म्हणणार होती, आणि हिने कुठल्या तोंडाने करायचं होतं?

सुआद उठली. दाराच्या कडीला हात लावला, आणि तिथेच थांबली, आमच्याकडे पाठ करून. "तिला विचार," म्हणाली, "तिने माझ्या आईला शेवटचं कधी बघितलं?"

"त्याच सकाळी," रूथ म्हणाली. "मी नाही, शिराने. दुर्बीण लावून उभी होती. मला हाक मारली, आई, ये, बघ, बकरीने आज आजीचा रुमालच पळवलाय! आजी चप्पल घेऊन तिच्यामागे. मी म्हटलं, मला पोळ्या करायच्यात, तू बघ. ती एवढी हसत होती. हसत हसत दाण्याची बादली उचलली आणि शेडकडे गेली. शेडमध्ये शिरेपर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं मला."

आता हे कसं सांगायचं? बकरी आली, रुमाल आला, पण म्हातारी कशी धावते ते मला इंग्रजीत येईना. मी इकडे तिकडे बघितलं. मग दारापाशी गेले, माझी एक चप्पल पायात घातली, एक हातात घेतली, आणि मिल्काच्या त्या बैठकीच्या खोलीत, सदुसष्ट वर्षांची मी, डोक्यावरचा पदर उडवत बकरीच्या मागे धावले. सोफ्याला वळसा घालून, टीपॉयवरून, चप्पल उगारून. "हात् मेले! आण इकडे!" आणि मग दुसरीकडे उभी राहून हसून दाखवलं, शिरासारखं, पोट धरून.

सुआद हसली. एकदम, तोंडावर हात ठेवून. मिल्कासुद्धा. आणि मग सुआदच्या तोंडून जे निघालं ते हसणं नव्हतं. ती दारातच खाली बसली. मिल्का गुडघ्यांवर रांगत तिच्याकडे गेली, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही, तिच्या शेजारी जमिनीवर हात टेकून बसली. मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी.

"काय झालं?" फोनमधून रूथ विचारत होती. "विमलताई? ती रडतेय का?"

"नाही कळत गं बाई," मी म्हटलं. "मी काय करतेय तेच मला कळत नाही."

थोडा वेळ ती ऐकत राहिली, आमचं तिघींचं, तिकडे कुठल्याशा हॉटेलाच्या खोलीत. मी फोन बंद करायला वाकले.

"नको," रूथ म्हणाली. "एवढ्यात फोन ठेवू नका."